वळून यायचं की सरळ

मी अकरा वर्षं वैमानिकांना शिकवलं आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष मी विमानात पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग खोदून विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले ती पन्नासच्या दशकाच्या मध्यावर. यजमान रेल्वेच्या ऑफिसात होते. मांबलमला एका तंजावरच्या मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. गणितात बी.एस्सी. केलेली मी, दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून समोरच्या नारळावरचे कावळे बघत असे. एका संध्याकाळी यजमान म्हणाले, "मीनंबाक्कमच्या विमानतळावर वैमानिकांच्या प्रशिक्षण विभागात कारकुनाची जागा आहे. गणित आलेलं माणूस हवंय. विचारून तर ये."

मी गेले आणि मला घेतलं. रोज सकाळी तांबरमला जाणारी विजेची गाडी पकडायची, मीनंबाक्कमला उतरायचं आणि विमानतळाच्या एका टोकाला असलेल्या बैठ्या इमारतीत नोंदी लिहीत बसायचं. त्या इमारतीत मागच्या खोलीत ती पेटी होती.

पेटी म्हणजे लाकडी, आखूड पंखांचं खोटं विमान. एक माणूस आत बसेल एवढंच. वरून झाकण लावलं की आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त समोरची घड्याळं आणि काटे. खाली चामड्याचे भाते होते, त्यांच्या जोरावर पेटी डुलायची, वळायची, नाक खाली-वर करायची. बाहेर शिक्षकाचं टेबल असे. टेबलावर मद्रासच्या आसपासचा नकाशा पसरलेला, आणि नकाशावरून तीन चाकांचं एक छोटं यंत्र चालायचं. आतला वैमानिक जिकडे जाईल तिकडे ते यंत्र सरकायचं आणि मागे लाल शाईची रेघ सोडायचं. त्याला सगळे खेकडा म्हणत.

शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ होते. मी त्यांना सर म्हणे. इंजिनांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळे ते नेहमी मान तिरकी करून बोलत. आमचं बोलणं इंग्रजीत होई. एकदा एका शिकाऊ वैमानिकाचं वाऱ्याचं गणित नोंदवहीत चुकलेलं दिसलं, ते मी पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन आले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशाला?"

"चुकलं होतं."

त्यांनी मान तिरकी करून वही मिटली. "माझ्या आठवड्यातल्या दोन फेऱ्या बाहेरगावी असतात," ते म्हणाले. "त्या दिवशी टेबलावर कुणीच नसतं. उद्यापासून माझ्या शेजारी बसा."

आठ महिने मी त्यांच्या शेजारी बसले. पेटीतही बसले. पहिल्यांदा बसले तेव्हा अर्ध्या मिनिटात पेटी गरगर फिरायला लागली, आणि सरांनी झाकण उघडेपर्यंत मी डोळे मिटून दांडा धरून होते. पंधराव्यांदा बसले तेव्हा मला नीट जमलं. घरमालकीण बाई जिन्यात अडवून विचारायच्या, "तू विमान उडवतीस म्हणे, खरें?" मी सांगे, "विमान नाही हो, पेटी." त्यांचा विश्वास बसत नसे. पण सर जेव्हा बाहेरगावी असत तेव्हा टेबल माझं असे, आणि मला त्याची कधी भीती वाटली नाही.

आम्ही जे शिकवत असू त्यात सगळ्यात जास्त भांडणं व्हायची ती एका वळणावरून. ढगात काही दिसत नसताना विमानतळ शोधायचा तर तेव्हा मुख्य आधार बीकनचा होता. बीकन म्हणजे विमानतळावरचं एक रेडिओ केंद्र. विमानातला एक काटा सतत त्याच्याकडे बोट दाखवत राहतो. पण काटा दिशा सांगतो, अंतर सांगत नाही. बीकन दोन मैलांवर असो की वीस मैलांवर, काटा तसाच. तुम्ही बीकनच्या बरोबर डोक्यावरून गेलात की मात्र काटा गर्रकन उलटा फिरतो आणि शेपटीकडे बोट दाखवतो. सगळ्या प्रवासात तेवढा एकच क्षण असा, की आपण कुठे आहोत हे वैमानिकाला नक्की कळतं.

म्हणून नियम असा की आधी बीकनवर यायचं. तिथून ठरलेल्या रेषेवर परत बाहेर जायचं, घड्याळ लावून. ठरलेल्या उंचीपर्यंत उतरायचं. मग थोडं डावीकडे, एक मिनिट सरळ, आणि उजवीकडून पूर्ण वळून त्याच रेषेवर धावपट्टीच्या दिशेनं परत. नकाशावर केसाच्या आकड्यासारखी आकृती उमटते. यात आठ-दहा मिनिटं जातात, आणि घरी जायची घाई असलेल्या वैमानिकाला ती फार वाटतात.

हे वळण नेहमीच घ्यायचं असं नाही. सरांनी मला तीन प्रश्न शिकवले होते. आपण कुठे आहोत हे नक्की माहीत आहे का? उतरण्यासाठी लागणाऱ्या रेषेवर आणि उंचीवर आपण आधीच आहोत का? आणि विमानतळाच्या नियंत्रण टॉवरनं 'सरळ आत या' असं स्पष्ट सांगितलंय का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर सरळ यावं. एक जरी 'नाही' असेल तर वळण घ्यायचंच.

नोव्हेंबरात, ईशान्येचा पाऊस मद्रासवर ठाण मांडून बसलेला असताना, एक ज्येष्ठ कॅप्टन त्यांच्या सहामाही तपासणीसाठी आले. सर तेव्हा पंधरा-वीस दिवसांसाठी बाहेरगावी होते. कॅप्टन उंचपुरे, कोल्हापूरकडचे. मी मराठी आहे कळल्यावर आधी खूष झाले, मग तपासणी मीच घेणार हे कळल्यावर नाखूष झाले.

"बाई, तुम्ही कधी विमान चालवलंय?"

"नाही."

"विमानात बसलाय तरी?"

"नाही. पण हे टेबल मी दीड वर्ष चालवतेय. बसा, कॅप्टनसाहेब."

ते बसले. मी झाकण लावलं, कानावर हेडफोन चढवला आणि त्यांना परीक्षा सांगितली. ते बंगलोरहून येताहेत, मद्रास चाळीस मैल समोर आहे, ढग खालपर्यंत आहेत, जमिनीवर ईशान्येकडून पंधरा नॉट वेगाचा वारा आहे. वरच्या हवेतला वारा त्यांनी विचारला असता तर मी सांगितला असता. त्यांनी विचारला नाही.

त्या वाऱ्यात विमानं पश्चिमेकडून उतरत. बंगलोरहून येणाऱ्याचं नाक तसंही जवळजवळ धावपट्टीकडेच असतं. त्यामुळे पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि तसंच झालं. काही वेळानं कानात त्यांचा आवाज आला, "मद्रास टॉवर, बीकन समोर आहे. खाली येतोय, सरळ आत."

मी टॉवर होऊन म्हटलं, "सरळ यायची परवानगी नाही. बीकनवर आल्यावर कळवा."

"मीनंबाक्कम माझ्या नाकासमोर आहे."

"बीकनवर आल्यावर कळवा."

ते उतरतच राहिले. घड्याळावरून त्यांनी हिशेब केला होता की आता विमानतळ आलाच. पण वरचा वारा पंधराच्या दुप्पट होता आणि तोंडावर होता. खेकडा नकाशावर हळूहळू सरकत होता, वाऱ्यानं जरा उजवीकडे ढकलला जात होता. त्यांच्या हिशेबानं धावपट्टी यायला हवी होती तेव्हा ते पाच मैल मागे होते आणि समोर पल्लावरमच्या टेकड्या होत्या. उंची दाखवणारा माझ्या टेबलावरचा काटा टेकडीच्या माथ्याखाली गेला. मी पेटीची मोटार बंद केली.

झाकण धाडकन उघडलं. "काय झालं?"

"कॅप्टनसाहेब, तुम्ही टेकडीत आहात."

ते उतरून टेबलापाशी आले. लाल रेघ बघितली. मग टेबलावरची, वरचा वारा लावायची तबकडी बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. "तीस? आज वर वीस आहे. मी सकाळीच उतरलोय. तीस कुणी लावला?"

मी खेकडा उचलून बाजूला ठेवला.

"पंधरा वर्षं मी हे विमान घेऊन या गावात उतरतोय. आणि एक बाई, जिनं आकाश खालूनच पाहिलंय, ती मला टेकडीत घालते!" त्यांनी टोपी उचलली आणि सही न करता निघून गेले. दुपारपर्यंत त्यांची लेखी तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती.

ते म्हणत होते ते खरं होतं. सकाळचा हवामान खात्याचा कागद माझ्यासमोरच होता आणि त्यावर वीस लिहिलं होतं. तबकडी वीसवरच होती. "विमानात बसलाय तरी?" हे त्यांनी विचारलं, त्यानंतर झाकण लावून परत येताना मी ती तीसवर फिरवली. परीक्षेत शिक्षकानं वारा हवा तसा लावावा, त्यात नियमबाह्य काही नव्हतं. पण मी तो शिकवण्यासाठी वाढवला नव्हता, रागानं वाढवला होता. एवढंच मला टोचत होतं.

घरी आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं.

"तुला विचारलं तर काय सांगणार आहेस?"

"खरं तेच."

"नोकरी जाईल?"

"जाणार नाही," मी म्हटलं. "वळण घ्यायला हवं होतं हे माझं चुकलेलं नाही. वारा चुकला."

दोन दिवसांनी वरिष्ठांनी बोलावलं. गोरेपान, थकल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. सर अजून परतले नव्हते. वरिष्ठांनी तक्रार बाजूला ठेवून विचारलं, "मला आधी एवढं सांगा, वळण कधी घ्यावं लागतं?" मी फळ्यापाशी गेले, बीकन काढलं, रेषा काढली आणि तीन प्रश्न सांगितले. ते मान डोलवत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "मग तक्रारीत तथ्य नाही असं लिहू?"

"एका गोष्टीत आहे," मी म्हणाले. "त्या दिवशीचा वारा वीस होता. मी तीस लावला, कारण मला त्यांचा राग आला होता. तपासणी पुन्हा घ्या. वीसवर."

त्यांनी चष्मा काढला. "वीसवर काय झालं असतं, तुम्ही हिशेब केलाय?"

"केलाय. टेकडी चुकली असती."

"तरीही तुम्ही मला हे सांगताय?"

"तो हिशेब टेबलाशी बसून करता येतो, साहेब. पेटीत बसलेल्याला येत नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे."

त्यांनी तपासणी पुन्हा घ्यायचा हुकूम केला आणि ती मीच घ्यावी असंही लिहिलं. पुढच्या आठवड्यात कॅप्टन आले. मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं, "त्या दिवशी वारा मी मुद्दाम वाढवला होता. ते चूक होतं. आज वीस आहे, तबकडी तुम्हीच बघून घ्या."

त्यांना हे अपेक्षित नसावं. तबकडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत बसले.

आणि पुन्हा सरळ आले! मी पुन्हा परवानगी नाकारली, ते पुन्हा उतरत राहिले. खेकडा टेकड्यांच्या पलीकडे गेला आणि धावपट्टीच्या दीड मैल अलीकडे असताना त्यांनी सांगितलं, "धावपट्टीवर आलो." मी मोटार थांबवली. ते बाहेर येऊन टेबलावर वाकले आणि विजयानं म्हणाले, "बघा बाई. चुकली टेकडी."

"चुकली," मी म्हटलं. "किती अंतरानं?"

त्यांनी नकाशावर बोटं ठेवून मोजलं. "मैलभर असेल."

"तुम्ही जवळून गेलात तेव्हा ती बाजूला आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

ते पुन्हा नकाशावर वाकले.

"मागच्या वेळी ती समोर होती तेव्हा?"

लाल रेघेवर त्यांचं बोट मागे-पुढे फिरत होतं. दोन्ही वेळा आत बसलेल्या माणसाला सगळं सारखंच दिसलं होतं, तोच काटा, तेच घड्याळ, तीच खात्री. हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते दिसत होतं.

"नवीन कागद लावा," शेवटी ते म्हणाले.

तिसऱ्यांदा त्यांनी बीकनवर येऊन काटा उलटू दिला, मग कळवलं. बाहेर जाताना वारा पाठीशी असतो म्हणून घड्याळात वीस सेकंद कमी धरले, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. डावीकडे, एक मिनिट, आणि मग उजवीकडचं लांब, सारखं वळण. ते रेषेवर असे परत आले की मी पेन हातात धरून बघतच राहिले. त्याआधी आणि नंतरही इतकी स्वच्छ आकृती त्या टेबलावर मी पाहिली नाही. माणूस उत्तम वैमानिक होता. त्याला ते तीन प्रश्न कुणी फार वर्षं विचारले नव्हते, एवढंच.

सही करून ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "बाई, एक मात्र तुम्हाला माहीत नाही. आत ढगात कसं वाटतं ते. गुरुवारी सरावाचं रिकामं विमान नेतोय. तुमच्या वरिष्ठांना विचारून या."

मी विचारलं आणि गेले. आयुष्यातलं पहिलं विमान. कॅप्टन आणि त्यांचा सहवैमानिक पुढे, दोघांच्या मागे एका घडीच्या खुर्चीवर मी. सकाळचे दहा वाजले होते. पाच मिनिटांत मांबलमची घरं, रेल्वेचे रूळ सगळं करड्या कापसात गेलं. पश्चिमेला बरंच लांब जाऊन ते मद्रासकडे परत वळले. काटा समोर सरळ उभा होता.

बीकनवर आलो, काटा उलटला, आम्ही परत बाहेर निघालो. आणि त्या वळणावर माझ्या शरीरानं मला दगा दिला. काटे सांगत होते की विमान उजवीकडे कललंय, माझे कान आणि पोट शपथेवर सांगत होते की ते डावीकडे कललंय. मी खुर्चीची कड घट्ट धरली. विमानतळ मागे राहिला, आपण त्याच्यापासून लांब लांब चाललोय, या विचारानं मी पुन्हा पुन्हा मागे वळून बघितलं. इतका वेळ तो काटा समोर होता, त्याचा हात धरून सरळ खाली उतरावं असं किती जोरानं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. टेबलाशी बसून मला ती घाई वाटत असे. ती घाई नव्हती. भीती वाटणाऱ्या माणसाला घराचं दार दिसावं तसं होतं ते.

"काय बाई?" कॅप्टन मागे न बघता म्हणाले.

"काट्याकडे बघा," मी म्हटलं. ते मोठ्यानं हसले, पण काट्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. मिनिटाभरानं ढग फाटला आणि धावपट्टी बरोबर मध्यावर होती, भिजलेली, काळी, चकाकणारी.

सर परत आले तेव्हा त्यांना सगळा प्रकार वरिष्ठांकडून आधीच कळला होता. मान तिरकी करून त्यांनी एवढंच विचारलं, "वारा किती लावला होतास?" मी "तीस" म्हटलं. "मी चाळीस लावला असता," ते म्हणाले, "आणि कुणाला सांगितलं नसतं. तू केलंस ते बरं." त्यानंतर ते बाहेरगावी जाताना माझ्यासाठी सूचनांचा कागद ठेवेनासे झाले.

माझं शिकवणं मात्र बदललं. झाकण लावण्याआधी मी प्रत्येकाला सांगायला लागले, "काटा समोर दिसला की तुम्हाला सरळ आत जावंसं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. मला वाटलं होतं. तेव्हा तीन प्रश्न विचारा." टेकडी आली की मोटार थांबवायचंही मी सोडून दिलं. त्यांना त्यांच्या हिशेबानं उतरू द्यायची, आणि बाहेर आल्यावर नकाशा दाखवण्याआधी विचारायची, "आता तुम्ही कुठे आहात? बोट ठेवा." बहुतेकांचं बोट लाल रेघेच्या टोकापासून बरंच लांब पडे. मग मला फारसं बोलावं लागत नसे.

कोल्हापूरचे कॅप्टन दर सहा महिन्यांनी येत राहिले. शेवटपर्यंत मला बाईच म्हणत, आणि वळणाची वेळ किती धरायची यावरून माझ्याशी वाद घालत. दोनदा त्यांचं बरोबर निघालं. आपल्या हाताखालचे नवे वैमानिक ते माझ्याकडे पाठवत, चिठ्ठीवर फक्त 'बंगलोरहून' असं लिहून, म्हणजे यालाही तीच परीक्षा द्या.

साठच्या दशकात एका पावसाळी दुपारी त्यांतलाच एक जण, पुण्याचा, नुकताच लग्न झालेला, विमान उतरवून थेट माझ्या खोलीत आला. टोपीतून पाणी ठिबकत होतं.

"मॅडम, आज वळलो."

"टॉवरनं सांगितलं?"

"नाही. टॉवरनं सरळ यायची परवानगी दिली होती. पण मी कुठे आहे ते मला नक्की माहीत नव्हतं. म्हणून वळण मागून घेतलं. उतरलो तर प्रवासी कुरकुर करत होते, दहा मिनिटं उशीर झाला म्हणून."

मी त्याला टॉवेल दिला आणि कॉफी मागवली. कॉफी येईपर्यंत त्यानं स्वतःहून नकाशा उलगडला, आणि वारा लागला तेव्हा आपण नेमके कुठे होतो ते शोधत तो माझ्या टेबलावर वाकून बसला.